एवढा पाऊस, तरी पोलादपूर रिकामं का होतंय? समजून घ्या एका वाळवंटी देशाच्या नकाशावरून

मध्य आशियात तुर्कमेनिस्तान नावाचा देश आहे. क्षेत्रफळ जवळपास ४ लाख ९० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा. यातला दोन तृतीयांशाहून जास्त भाग काराकुम वाळवंटाने व्यापलाय. काराकुम म्हणजे काळी वाळू. हे एकटं वाळवंटच महाराष्ट्रापेक्षा मोठं आहे. तिथे वर्षभरात पाऊस पडतो साधारण १०० ते १५० मिलिमीटर. आणि देशाची लोकसंख्या, तिथल्या सरकारच्या म्हणण्यानुसार, सुमारे ७० लाख. आपल्या एकट्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्येच ९४ लाख होती.

पाणी नाही म्हणून माणसं नाहीत. हिशेब सोपा वाटतो.

आता आपल्याकडे या. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. काराकुममध्ये एवढा पाऊस पडायला चार-पाच वर्षं लागतात. महाबळेश्वरहून पश्चिमेला सावित्री नदी उतरते, ती आधी पोलादपूर तालुक्यात येते, मग महाडला. या दोन्ही तालुक्यांत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हिरवेगार डोंगर, पावसाळ्यात जागोजागी धबधबे, तुमच्या इन्स्टाग्रामवर दर जुलैमध्ये दिसतात तेच.

मग सोप्या हिशेबाने इथे माणसं वाढायला हवीत. तर २००१ मध्ये पोलादपूर तालुक्याची लोकसंख्या होती ५४,३०१. २०११ मध्ये ती झाली ४५,४६४.

दहा वर्षांत ८,८३७ माणसं कमी. दर सहा माणसांमागे एक. ना युद्ध झालं, ना दुष्काळ जाहीर झाला. आणि मुख्य म्हणजे, याची फारशी बातमीही झाली नाही.

एकच जिल्हा, दोन दिशा

पोलादपूर आणि महाड हे रायगड जिल्ह्याचे दक्षिणेकडचे तालुके, समुद्रापासून आत, सह्याद्रीला टेकलेले. महाडची लोकसंख्या याच काळात १,८६,५२१ वरून १,८०,१९१ वर आली. घट पोलादपूरएवढी मोठी नाही, साडेतीन टक्क्यांच्या आत. पण महाडला औद्योगिक वसाहत आहे, बाजारपेठ आहे, कोकण रेल्वेचं वीर स्टेशन तालुक्यात आहे, रायगड किल्ल्यामुळे पर्यटक येतात. हे सगळं असून आकडा खाली गेला, हे लक्षात घ्या. जिल्ह्याच्या पंधरा तालुक्यांपैकी सहा तालुक्यांची लोकसंख्या त्या दशकात घटली: पोलादपूर, महाड, तळा, म्हसळा, श्रीवर्धन आणि किंचितशी सुधागडची.

आणि तरीही रायगड जिल्हा एकूण १९ टक्क्यांनी वाढला! कारण पनवेल. पनवेल तालुका ४,२२,५२२ वरून थेट ७,५०,२३६ वर गेला. जिल्ह्यात जी माणसं वाढली, त्यातल्या दर चारांपैकी तीन एकट्या पनवेलमध्ये वाढली.

म्हणजे ‘रायगडची लोकसंख्या झपाट्याने वाढतेय’ हे वाक्य खरं आहे, आणि पोलादपुरात उभं राहून ऐकलं तर ते चेष्टेसारखं वाटेल. जिल्ह्याची सरासरी नावाची गोष्ट किती फसवी असते, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

पाऊस पडतो, पाणी राहत नाही

तुर्कमेनिस्तानचा नकाशा रात्रीच्या उपग्रह छायाचित्रात पाहिला तर गंमत दिसते. मधला प्रचंड भाग काळाकुट्ट आणि दिवे फक्त कडेकडेने. पूर्वेला आणि उत्तरेला अमूदर्या नदीच्या काठाकाठाने, दक्षिणेला काराकुम कालव्याच्या रेषेवर. हा कालवा सोव्हिएत काळात, १९५४ मध्ये खणायला घेतला, लांबी सुमारे १,३७५ किलोमीटर. अमूदर्याचं पाणी तो वाळवंटातून राजधानी अश्गाबादपर्यंत आणि त्याच्याही पुढे नेतो. त्या पाण्याची किंमत अरल समुद्राने मोजली, तो आटत गेला. ती वेगळी आणि फार वाईट गोष्ट आहे. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की तिथे माणसं पावसाच्या मागे गेली नाहीत. जिथे वर्षाचे बारा महिने पाणी थांबतं, तिथे ती राहिली.

हीच फूटपट्टी पोलादपूरला लावा. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३७० मीटर. तिथून सावित्री सुटते आणि पोलादपूरला येईपर्यंत जवळजवळ सगळी उंची गमावते. महाडच्या जवळपर्यंत तर खाडीतून भरतीचं पाणी चढतं. एवढा तीव्र उतार, खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर. चार महिन्यांत पडलेलं पाणी काही तासांत ओढ्यात, काही दिवसांत समुद्रात. भातखाचरं आहेत ती नदीकाठच्या चिंचोळ्या पट्ट्यात. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी होते, तीही एकदाच. दुसऱ्या पिकाला पाणी कुठून आणणार?

त्यामुळे जुलैत जिथे दरडीची भीती असते, तिथेच एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या वाड्या असतात. महाड आणि पोलादपूरची नावं उन्हाळ्यातल्या टंचाईच्या यादीत दरवर्षी दिसतात. वाडी डोंगरावर, विहीर खाली, रस्ता अर्ध्यापर्यंत. टँकर जिथवर चढेल तिथवर पाणी, पुढे डोक्यावर हंडा.

पोलादपूर तालुक्यातच रानबाजिरे इथे सावित्रीवर धरण आहे. त्याचं पाणी महाडच्या औद्योगिक वसाहतीला जातं. उद्योगाला पाणी द्यायला कुणाचा विरोध असायचं कारण नाही. पण कालवा आपल्याकडेही आहेच, फक्त तो वाडीकडे वळलेला नाही, एवढं म्हणायला हरकत नसावी.

(पाणी आहे, पण ते कुणापर्यंत पोचतं, हा प्रश्न महाडला नवा नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते इथेच. तळं भरलेलं होतं. नगरपालिकेने ते सर्वांना खुलं करण्याचा ठरावही आधीच केला होता. ठराव कागदावर होता, पाणी तळ्यात होतं, आणि दोन्हींच्या मध्ये जात होती.)

पाण्याची दुसरी बाजू तर सगळ्यांना आठवत असेल. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ ला तळिये गावची वाडी डोंगराखाली गेली, ऐंशीहून जास्त माणसं मेली. त्याच वेळी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडी आल्या आणि महाड शहर पुरात बुडालं. आधीच नोकरीसाठी बाहेर पडायला निघालेल्या कुटुंबाला परत न येण्यासाठी अजून कसलं कारण हवं असतं?

चाकरमानी: गेले, पण गेले नाहीत

इथून माणसं जाणं ही आजची गोष्ट नाही. मुंबईच्या कापडगिरण्या उभ्या राहिल्या त्या मोठ्या प्रमाणात कोकणातल्या हातांवर. घरचा एक पुरुष गिरणीत, बायको-मुलं आणि म्हातारी गावाला, महिन्याला मनीऑर्डर. मुंबईत गावकीची खोली असायची, तिथे एकाच गावचे वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपायचे. मुंबई इथून साधारण १८० किलोमीटर. पेरणीला रजा टाकून येता येईल एवढी जवळ, पण रोज ये-जा करता येणार नाही एवढी लांब. लष्करात जाणारेही पुष्कळ. महाड तालुक्यातल्या एका गावाचं तर नावच फौजी आंबवडे आहे.

या व्यवस्थेत माणूस गेला तरी कुटुंब गावात राहायचं. म्हणूनच शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या. बाहेरचे लोक या आकड्याचं कौतुक करतात. त्यात मुलींना वाचवल्याचं कौतुक थोडं असेलही, पण मोठा भाग हा नवरे मुंबईला असल्याचा आहे.

बदल झाला तो १९८२ नंतर. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि पुढे गिरण्याच संपल्या. पण माणसं गावी परतली नाहीत. किंबहुना उलटं झालं. गिरणगावातली खोली गेली, त्याऐवजी विरार, नालासोपारा, दिवा, कळवा इथे वन-रूम-किचन आलं, आणि त्या वन-रूम-किचनमध्ये बायको-मुलंही आली. मुलांची शाळा तिकडे, सुनेची नोकरी तिकडे. आधी गावातून पुरुष वजा होत होता, आता कुटुंब वजा होऊ लागलं. २००१ ते २०११ या काळात पोलादपूरच्या आकड्यात पडलेलं भगदाड मला तरी याचंच वाटतं.

आणि तरीही कुणाला काही कळलं नाही. कारण गणपतीत गाव भरतं. शिमग्याला पालखी नाचवायला खांदे कमी पडत नाहीत. मे महिन्यात अंगणात क्रिकेट असतं. घराला रंग असतो, दारात स्कूटर असते, कौलं जाऊन स्लॅब आलेला असतो. वर्षातले पन्नास-साठ दिवस गाव इतकं गजबजतं, की उरलेल्या तीनशे दिवसांत तिथे दोन म्हातारी माणसं आणि एक कुत्रा असतो, हे पाहायला कुणी हजरच नसतं.

यात एक विचित्र योग आहे. चाकरमानी मे महिन्यात येतात, म्हणजे विहिरी आटलेल्या असतात नेमक्या तेव्हा. टँकरच्या खेपा लोकसंख्येवर ठरतात. २०१९ च्या दुष्काळात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना सांगावं लागलं होतं, की टँकरसाठी २०११ ची नव्हे, २०१८ ची लोकसंख्या धरा. मराठवाड्यासाठी ते योग्यच होतं. पण ज्या वाडीत एप्रिलला चाळीस माणसं आणि मेमध्ये दीडशे असतील, तिथे कुठल्या वर्षाची लोकसंख्या धरायची? तिथे प्रश्न कुठल्या महिन्याची, हा आहे.

कागदावरची माणसं

पुन्हा एकदा तुर्कमेनिस्तानात जाऊ, कारण तिथे हीच गोष्ट देशाच्या पातळीवर घडलीय.

तिथे २०१२ मध्ये जनगणना झाली. सविस्तर निकाल जाहीरच झाले नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा झाली आणि सरकारने आकडा सांगितला: ७०,५७,८४१. मधल्या काळात, २०२१ मध्ये, देशाबाहेरून चालणाऱ्या तुर्कमेन वृत्तसेवेने नाव न सांगणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हवाल्याने म्हटलं, की देशात प्रत्यक्ष राहणारी माणसं २८ लाखांच्या आसपासच आहेत. ७० लाख आणि २८ लाख! यातला कुठला आकडा खरा, हे बाहेरून ठरवता येत नाही. पण कामासाठी तुर्कमेन माणसं मोठ्या संख्येने तुर्कस्तानला आणि रशियाला गेली आहेत, एवढं सगळे मान्य करतात. माणूस इस्तंबूलमध्ये हॉटेलात भांडी घासतोय आणि सरकारच्या लेखी तो घरीच आहे.

आता सांगा, पोलादपूरच्या वाडीतलं रेशनकार्ड उघडलं तर काय दिसेल? मतदार यादी? ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा? दिव्याला राहणारा मुलगा, नालासोपाऱ्याची सून, दोन नातवंडं, सगळे गावातच. यात फसवणुकीचा हेतू असतोच असं नाही. नाव काढणं म्हणजे नातं तोडणं, जमिनीवरचा हक्क सोडणं, अशी धास्ती असते. भावकीत नाव नसलं तर उद्या कोण ओळखणार?

फरक एवढाच, की तुर्कमेनिस्तानात सरकार आकडा लपवतं. आपल्याकडे सरकारी जनगणनेने आकडा चोख सांगितला, कुणीही उघडून बघावा असा ठेवला, आणि आपण तो बघितला नाही.

मग २०२७ मध्ये काय होणार?

२०११ नंतर जनगणना झालेली नाही. २०२१ ची कोविडमुळे लांबली ती लांबलीच. आता २०२७ ची जनगणना दोन टप्प्यांत ठरली आहे. एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात घरयादी, आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची मोजणी. हिशेबाचा क्षण आहे १ मार्च २०२७ ची सुरुवात, म्हणजे २८ फेब्रुवारीची मध्यरात्र.

नियम असा, की माणूस मोजणीच्या काळात जिथे राहत असेल तिथे मोजला जातो. मूळ गाव कुठलं, रेशनकार्ड कुठलं, मतदान कुठे, याचा संबंध नाही. फेब्रुवारीत पूर्ण काळ दिव्याला असणारा माणूस दिव्याचा. गणपती ऑगस्ट-सप्टेंबरात, महाडच्या वीरेश्वराचा छबिना महाशिवरात्रीला, म्हणजे पुढच्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात, आणि शिमगा त्याहून पुढे. २००१ आणि २०११ ची मोजणीही अशीच शिमग्याआधी उरकली होती. जनगणना नेमकी अशा वेळी येते जेव्हा कोकणातलं गाव सगळ्यात खरं दिसतं.

यावर पणाला काय लागलंय? पहिली गोष्ट, राजकीय वजन. रायगडमध्ये विधानसभेचे सात मतदारसंघ आहेत. त्यांच्या आत्ताच्या सीमा २००१ च्या लोकसंख्येवर आखलेल्या. तेव्हा महाड आणि पोलादपूर मिळून जिल्ह्याच्या ११ टक्के होते. २०११ मध्ये साडेआठ टक्के झाले. पनवेल १९ वरून साडेअठ्ठावीसवर. महाड मतदारसंघात आजच माणगावचा काही भाग जोडावा लागलेला आहे. राज्यघटनेतल्या ८४ व्या दुरुस्तीने जागांची फेरवाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत थांबवून ठेवली होती. पुढच्या पुनर्रचनेत हा मतदारसंघ आणखी पसरेल, असा अंदाज करायला ज्योतिषी लागत नाही. मतदारसंघ पसरला की आमदाराच्या दौऱ्यात घाटातली वाडी आणखी मागे पडते.

दुसरी गोष्ट, सोयी. प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष सपाटीवर ३० हजार लोकसंख्येला एक, डोंगरी आणि आदिवासी भागात २० हजाराला एक. म्हणजे डोंगर आहे म्हणून थोडी सूट द्यायला हवी, हे सरकारला तत्त्वतः मान्य आहे. शाळांच्या बाबतीत मात्र २० पेक्षा कमी पटाची शाळा म्हटली की तिच्या भवितव्याची चर्चा सुरू होते. वाडीत आठ मुलं उरली असतील तर त्या आठांना खालच्या गावात पाठवायला पावसाळ्यात ओढा ओलांडावा लागतो, हे पटसंख्येच्या रकान्यात दिसत नाही. आणि शाळा बंद झाली, की गावात राहिलेली शेवटची तरुण जोडपीही मुलांना घेऊन निघतात. माणसं कमी म्हणून सोय कमी, सोय कमी म्हणून माणसं आणखी कमी.

हे सगळं वाचून गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी हमखास सुचवेल, की सगळ्यांनी नावं गावालाच लावा, आकडा वाढवू. मोह समजू शकतो. पण माझ्या मते हा उपाय वाईट आहे. एक तर जनगणना कायद्याने जाणूनबुजून खोटी माहिती देणं गुन्हा आहे. दुसरं म्हणजे दिव्यातल्या ज्या चाळीत तुम्ही खरोखर राहता, तिथलं पाणी, तिथली लोकल, तिथला दवाखाना, हे सगळंही मोजणीवरच मागायचं असतं. आणि तिसरं, फुगवलेला आकडा दाखवला तर पोलादपूर रिकामं होतंय, हे सांगायला आपल्याकडे पुरावाच उरणार नाही. तुर्कमेनिस्तानात नेमकं तेच झालंय.

मागायचं असेल तर हे मागावं: डोंगरी तालुक्यात शाळा, पाणी, दवाखाना ठरवताना डोक्यांबरोबर अंतर आणि चढही मोजा. टँकरचा हिशेब मेच्या माणसांवर करा. दरडप्रवण वाडीत जुलैच्या रात्री प्रत्यक्ष किती माणसं झोपतात, याची यादी रेशनकार्डावरून न करता दारोदार फिरून करा.

एक गोष्ट वाचकांना करता येण्यासारखी आहे. माणसांच्या आकड्याआधी घरयादीचे आकडे येतील. प्रगणक प्रत्येक घरापाशी जातो आणि घर रिकामं असेल तर तशी नोंद करतो. ते आकडे जाहीर झाले, की रायगडच्या तक्त्यात पनवेलच्या पुढे न थांबता खाली पोलादपूरपर्यंत जा आणि रिकाम्या घरांचा रकाना बघा. तुमचं गाव तिकडचं असेल, तर त्या रकान्यात तुमचंही घर असण्याची शक्यता आहे.